चार बोटं वर

१

आमच्या घरात एक स्टूल आहे आणि ते माझं आहे. हिच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून. दुसऱ्या कुणी त्यावर बसलेलं मला चालत नाही. एकदा हिच्या मावशी बसल्या होत्या, तर मी पंखा पुसायचाय असं सांगून त्यांना उठवलं होतं.

आधीच सांगून टाकतो, मी जळका माणूस आहे. बातम्या देणाऱ्याचा आवाज छान आहे असं ही म्हणाली तरी माझ्या पोटात दुखतं. ही हसते. "अरे, तो टीव्हीत आहे," म्हणते. असेना का.

आमचा धंदा दोघांचा. मी फर्निचर करतो, कपाटं, काउंटर, दारं. ही त्याआधी कॉम्प्युटरवर ती खोली काढते, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे घालायच्या आधी कळतं की काय होणार आहे. मापं मी घ्यायची, चित्र हिने काढायचं, आणि मी त्या स्टुलावर बसून चुका काढायच्या. "हा ड्रॉवर उघडला की दार अडेल." "हे कपाट कुणाच्या हाताला येणारेय? जिराफाच्या?" मग ही माझ्या गुडघ्यावर चापट मारणार आणि सुधारणार. दिवसभरात मला त्या एवढ्याशा वेळाचीच वाट असायची.

आता त्या चित्रातल्या माणसाचं सांगतो. खोली रिकामी दाखवली तर उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून चित्रात एक माणूस उभा करतात. बाकीचे लोक कुठला तरी तयार माणूस उचलून टाकतात. हिने लग्नानंतर लगेच मला भिंतीशी उभं केलं, माझ्याच हातातली टेप घेतली आणि खाली उकिडवी बसून म्हणाली, "वरचं टोक धर. डोक्यावर. नीट ताणून." मी धरलं. तिने खांदे मोजले, हात मोजले, मान मोजली. मला गुदगुल्या झाल्या. मग तिने मला कॉम्प्युटरमध्ये बनवलं, उजव्या कानावर पेन्सिल लावून, आणि त्या फाइलला नाव दिलं, "आमचे हे".

तेव्हापासून मी प्रत्येक चित्रात आहे. लोकांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, दुकानात काउंटरमागे, लहान मुलांच्या खोलीत पलंगाशेजारी. फाइल एकच, सगळी चित्रं तिला जोडलेली. मला टक्कल पडायला लागलं तेव्हा हिने फाइलमधले केस कमी केले, तर सगळ्या जुन्या चित्रांतही मी एका झटक्यात टकला झालो. कुठल्या बायकोने नवऱ्याला इतक्या घरांतून फिरवलं असेल?

२

आमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एक चित्र तयार व्हायला इतका वेळ लागायचा की मधे भांडून पुन्हा गोडी व्हायची. म्हणून हिच्या भावाने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. मेहुण्याचा धंदाच तो, कॉम्प्युटर दुरुस्तीचा. सगळे त्याला स्क्रू म्हणतात, कारण त्याच्या खिशात कायम चार सुटे स्क्रू असतात आणि ते कुठले हे त्याला कधीच माहीत नसतं.

"भाऊजी, बाजूला व्हा. हे लाकूड नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तुझ्याकडे दिलंय. लाकूड असतं तर तुला हात लावू दिला नसता."

दुपारची वेळ, खिडकी उघडी. त्याने कॅबिनेटची बाजू काढली, आतली धूळ फुंकली, ती सगळी माझ्या अंगावर. जुनं कार्ड काढून नवं खाचेत बसवलं, कट्‌ असा आवाज आला. आठ पिनांची वायर लावली. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला, आणि स्क्रीन काळी ती काळीच.

मग सुरू झाला खेळ. कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवलं. रॅम काढून पुन्हा बसवली. दुसरी केबल लावून पाहिली. शेवटी मीच मागे वाकून बघितलं तर मॉनिटरची वायर कॅबिनेटच्या भलत्याच भोकात, कार्डात नाहीच.

"बघत होतो तुमचं लक्ष आहे का," स्क्रू म्हणाला.

वायर हलवली आणि स्क्रीन उजळली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. हिने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात स्क्रू म्हणाला, "ताई, दुसरा मॉनिटर कुठेय?"

"दुसरा कुठला? एकच आहे."

"हे तर दोन दाखवतंय."

स्क्रीनवर मॉनिटरच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन होते, एका मॉनिटरला एक. एकात १ लिहिलेलं, दुसऱ्यात २. दुसरा पहिल्याच्या उजवीकडे होता, म्हणजे माझ्या स्टुलाच्या आणि भिंतीच्या दिशेला. आणि तो सरळ रांगेत नव्हता, थोडा वर होता. मी सवयीने स्क्रीनवर बोटं लावून पाहिलं. चार बोटं वर.

३

स्क्रूने बरेच उपाय केले. दुसरा चौकोन बंद केला, तो परत आला. खाली ओढून पहिल्याच्या रांगेत आणला, पुन्हा चार बोटं वर गेला. ड्रायव्हर काढून नवा टाकला, जुना टाकला, मॉनिटरची केबलच काढून ठेवली. केबल लावली की दोन चौकोन.

"कार्डाला वाटतंय की मॉनिटर आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. "कधीकधी होतं असं, कुठलं तरी भोक उगाच हो म्हणतं. चित्रं पटापट निघतायत ना? मग राहू दे."

चित्रं खरंच पटापट निघत होती. जे जेवण करून येईपर्यंत व्हायचं नाही ते आता पाणी पिऊन येईपर्यंत व्हायचं.

गैरसोय एवढीच की माउस उजवीकडे नेला की बाण स्क्रीनच्या कडेतून बाहेर जायचा आणि दिसेनासा व्हायचा. ही पहिल्यांदा वैतागली. मग तिने त्याचा उपयोग शोधून काढला. स्क्रीनवर गर्दी झाली की एखादं चित्र धरायचं, उजवीकडे ओढायचं आणि सोडून द्यायचं. "पलीकडे ठेवलं," म्हणायची. लागलं की बाण तिकडे नेऊन, अंदाजाने पकडून, परत ओढायची.

पलीकडे म्हणजे कुठे? मी बसलो होतो तिथे. दर वेळी चित्र माझ्या अंगावर येतंय असं वाटायचं, आणि ते माझ्यातून मागे भिंतीत जायचं. मी थट्टा केली, "अगं, मला लागेल." ही हसली, पण स्क्रीनकडे बघून.

४

त्या वेळी आमच्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम होतं. एका दुपारी हिने ते चित्र पलीकडून परत ओढलं आणि मी नेहमीसारखा चुका शोधायला वाकलो. एकही चूक नव्हती. सकाळी बेसिनची उंची चुकलेली मी पाहिली होती, जेवण झाल्यावर सांगू म्हणून ठेवली होती. ती आता बरोबर होती.

"बेसिन कधी बदललंस?"

"बदललं ना," ही म्हणाली. कधी ते सांगितलं नाही.

मग मी चित्रातल्या माणसाकडे पाहिलं. दाराशी उभा होता, पाठ आमच्याकडे. पेन्सिल डाव्या कानावर.

चित्र उलटं झालं असेल, मी मनाशी म्हटलं. कॉम्प्युटर आहे, होतं. पण चित्र उलटं झालं असतं तर भिंतीवरच्या घड्याळाचे आकडेही उलटे झाले असते. ते सरळ होते. आणि ते दार माझं होतं, मीच ठरवलेलं, वरची बिजागरी कुठे येणार हे मला झोपेतही सांगता येईल. माझं डोकं त्या बिजागरीच्या चार बोटं खाली राहतं. या माणसाचं तिला टेकलं होतं. खांदे रुंद. आणि डोक्यावर केस! भरपूर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"हा मी? हे केस माझे?"

"पाठमोरं चित्र आहे रे. काहीतरीच काय बोलतोस!" तिने चित्र उचललं आणि पलीकडे नेलं, माझ्यापासून लपवावं तसं.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी "आमचे हे" उघडून पाहिलं. फाइलमध्ये मी होतो तसाच होतो, बुटका, टकला, पेन्सिल उजव्या कानावर. जुन्या चित्रांतही मीच. फक्त पलीकडे जाऊन आलेल्या चित्रांत तो होता.

५

डॉक्टरीणबाई चित्र बघायला घरी आल्या. मी दवाखान्याची मापं घेतली तेव्हा त्या गावाला होत्या, त्यामुळे त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. मी नुकताच कामावरून आलो होतो, अंगावर भुसा, हातात टेप. हिने स्क्रीनवर दवाखाना उघडला. बाईंनी वा वा केलं, मग त्या माणसाकडे बोट दाखवून हसल्या.

"हे तुमचे मिस्टर ना? तुम्ही चित्रात त्यांनाच उभं करता असं ऐकलंय. किती गोड!"

"हो," ही म्हणाली. लाजली. माझी शपथ, लाजली.

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही सुतार का?"

मी ओरडणार होतो. पण मी हिच्याकडे पाहिलं, आता ही सांगेल म्हणून. तिने सांगितलं नाही. तिला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. ती त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होती, आणि ती नजर मला ओळखीची होती. टेप घेऊन मला भिंतीशी उभं केलं होतं तेव्हाची.

त्यानंतर ही मला चुका विचारीनाशी झाली. मी स्टुलावर बसायचो आणि ती काम करायची. कोपर लागलं तर "सॉरी" म्हणायची. बायको नवऱ्याला सॉरी म्हणते तेव्हा काय वाटतं हे ज्याचं त्यालाच कळतं. चित्रं पलीकडे जायची, परत यायची, बिनचूक. कधीकधी ती उजवीकडे भिंतीकडे बघून थोडी हसायची. मधे मी बसलेला असायचो.

मेहुण्याला मी फोन केला. "ते कार्ड काढ."

"का? गरम होतंय?"

काय सांगणार होतो? चित्रातल्या माणसावर जळतोय म्हणून? "हो, गरम होतंय," म्हटलं.

"भाऊजी, जरा दम धरा. सुट्टीच्या दिवशी येतो."

६

त्याच फोनवर मी त्याला आणखी एक विचारलं होतं. पलीकडे काय आहे ते बघता येईल का? तो म्हणाला, सोपं आहे, स्क्रीनचा फोटो घेणारं बटण दाबा. ते दोन्ही स्क्रीनचा फोटो एकत्र घेतं, मॉनिटर असो नसो.

ही आंघोळीला गेली होती. सकाळची उन्हं टेबलावर. मी हिच्या खुर्चीत बसलो, बटण दाबलं आणि फोटो उघडला.

लांबलचक फोटो. डावीकडे आमची स्क्रीन. उजवीकडे, चार बोटं वर सरकलेली, दुसरी.

त्यात खोली होती. पहिल्यांदा मला वाटलं कुठल्या गिऱ्हाइकाची. मग खिडकी ओळखली. ती आमचीच खोली होती, हीच, भिंतीच्या बाजूने बघितल्यासारखी, अगदी हिच्या हातच्या चित्रासारखी काढलेली. कपाटाचं दार खालून किंचित पुढे आलंय, ते दुरुस्त करायचं मी वर्षानुवर्षं टाळतोय, तेही तसंच होतं. आमच्या खोलीचं माप मी कधी घेतलेलं नाही. घरची खोली कोण मापतं? पण कुणीतरी घेतलं होतं, आणि चोख घेतलं होतं. माझं काम होतं ते.

खुर्चीत ही होती. केसांना आज सकाळी लावलेला निळा चाप. मान वर करून हसत होती, उजवीकडे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. तो तिथे कडेला कापला गेला होता. तिच्या खांद्यावरचा हात फक्त दिसत होता.

माझं स्टूल चित्रात नव्हतं. तिथे उभं राहायला जागा केली होती.

बाथरूमची कडी वाजली. मी फोटो बंद केला. नंतर शोधला तर डावी बाजू होती, उजवीकडे नुसता काळा रंग.

७

भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा राग जास्त होता. तिच्या खांद्यावर हात! माझ्या घरात, माझ्या स्टुलाच्या जागेवर!

आणि त्या रागात मला एक गोष्ट अगदी लख्ख कळल्यासारखी वाटली. हा बेटा आला कुठून? माझ्यापासून. "आमचे हे" पलीकडे जातो आणि तो होऊन परत येतो. म्हणजे मूळ मीच. मूळच काढून टाकलं तर पलीकडे जायला काही उरणारच नाही. मग स्क्रू येऊन कार्ड काढेल, आणि ही मला पुन्हा भिंतीशी उभं करेल, टेप घेईल, खाली बसेल आणि म्हणेल, वरचं टोक धर. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मला तेच हवं होतं.

ही बाजारात गेल्यावर मी फाइल पुसली. कचऱ्यातूनही पुसली.

मग जुनी चित्रं उघडून पाहिली. पहिल्या स्वयंपाकघरात ओट्याशी कुणी नव्हतं. दुकानाच्या काउंटरमागे कुणी नव्हतं. मुलांच्या खोलीत पलंग होता, शेजारची जागा रिकामी. एकेक घर उघडत गेलो. इतक्या वर्षांची घरं, आणि मी एकाही घरात उरलो नव्हतो.

शेवटी दवाखाना उघडला. तो दाराशी उभा होता. पण आता पाठमोरा नव्हता. मान वळवायला लागला होता, कानाच्या पुढचा थोडा गाल दिसत होता. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली.

८

स्क्रू आला, कार्ड काढलं, जुनं बसवलं. एकच चौकोन दिसायला लागला. मी स्वतः मोजला. नवं कार्ड त्याच्या पिशवीत जाताना पाहिलं, तेव्हा कुठे श्वास सोडला. "गरम तर काही नाही हे," तो जाता जाता म्हणाला.

ही अजिबात चिडली नाही. उलट खुशीत होती. गाणं गुणगुणत होती, माझ्याशी पहिल्यासारखी गप्पा मारत होती. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. फक्त एक गोष्ट होती. बोलताना ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. थोडं वर बघत होती.

"वर काय बघतेस?"

"वर कुठे? तुझ्याकडेच बघतेय."

मला वाटलं, इतके दिवस स्क्रीनकडे बघून मान अवघडली असेल.

मग मी फाइलचं सांगितलं. चुकून पुसली गेली म्हणालो. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने लगेच ड्रॉवरमधून टेप काढली. "त्यात काय, नवा करू. चल, उभा राहा भिंतीशी." आणि माझ्या छातीवर हात ठेवून मला भिंतीकडे ढकललं, अगदी तेव्हासारखं. माझ्या स्टुलाच्या जागी. स्टूल कुणी हलवलं होतं कोण जाणे.

मी टाचा भिंतीला लावून ताठ उभा राहिलो. वेडी, मी मनात म्हटलं, आणि मी तरी कुठे शहाणा!

ती टेपची डबी घेऊन खाली उकिडवी बसली, वाचायला. टोक तिने वर केलं, मान वर करून, हसत. चापातून सुटलेले केस गालावर आले होते.

"वरचं टोक धर. डोक्यावर. नीट ताणून."

मी हात उचलणार, तेवढ्यात टेप माझ्या नाकासमोरून वर गेली. सर्रकन. माझं टक्कल ओलांडून, चार बोटं वर, आणि तिथे थांबली. ताठ, घट्ट.

"हां, अस्सं," खाली वाकून आकडा वाचत ही म्हणाली. "आता हलू नकोस."

माझे दोन्ही हात खाली होते.